आळशी डोळ्यासाठी व्हीईपी: कुठल्या खोलीत करावी, कधी करूच नये

'लेझी आय आहे, एक व्हीईपी करून या' अशी चिठ्ठी हातात पडली की पालकांपुढे साधारण तीन प्रकारच्या जागा असतात. व्हीईपी म्हणजे व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियल, डोळ्याने पाहिलेल्याला मेंदू जे विद्युत उत्तर देतो त्याची तपासणी. पहिली म्हणजे न्यूरोलॉजीची लॅब. तिथे एनसीव्ही, ईएमजी अशा नसा-स्नायूंच्या तपासण्या होतात आणि त्याच मशीनवर व्हीईपीही. दुसरी, मोठ्या नेत्ररुग्णालयातलं इलेक्ट्रोफिजिऑलॉजी, म्हणजे डोळ्यांच्या विद्युत तपासण्यांचं युनिट. तिसरी, असं एखादं सेंटर जिथे मुलाच्या डोळ्यांवर लाल दिव्यांचा गॉगल चढवतात, दिवे लुकलुकतात आणि पाच मिनिटांत रिपोर्ट हातात येतो. तिन्हीकडे पावतीवर एकच शब्द छापलेला असतो. मोजलं जातं ते मात्र तिन्हीकडे वेगळं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. गॉगलवाली तपासणी लेझी आयसाठी घेऊ नये. न्यूरोलॉजीची लॅब चालते, पण स्क्रीनवर बारीक चौकटी, डोळ्यांवर चष्मा आणि मुलाच्या नजरेवर लक्ष ठेवायला दुसरा माणूस, या तीन गोष्टी तिथे मिळत असतील तरच. नेत्ररुग्णालयातलं युनिट तिघांत सरस. पण जे मूल तक्त्यावरचं घर, सफरचंद, गोल आणि चौकोन नीट ओळखतं, त्याची नजर किती आहे एवढंच कळण्यासाठी तिथेही जायची गरज नाही. ते काम तक्ता जास्त चांगलं करतो, आणि फुकटात.

मोजतात ते काय

लेझी आयमध्ये डोळा बहुधा धडधाकट असतो. तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरातला मोठा फरक, जन्मजात मोतीबिंदू किंवा खाली आलेली पापणी यांपैकी कशाने तरी लहानपणी एका डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट चित्र पोचत नाही, आणि मेंदूचा दृष्टीचा भाग त्या डोळ्याला जुमानेनासा होतो. म्हणून डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासून, डोळ्याची नस पाहून काही सापडत नाही. व्हीईपीत डोक्याच्या मागच्या बाजूला धातूचा छोटा कप चिकटवतात आणि समोरच्या स्क्रीनवर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी दाखवतात. काळ्याची पांढरी आणि पांढऱ्याची काळी अशी अदलाबदल सेकंदाला दोनदा होते. प्रत्येक अदलाबदलीनंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या मागच्या भागात एक वर जाणारी लाट उमटते. तिचं नाव पी-१००. ती किती उंच आली आणि किती उशिरा आली, हे दोनच आकडे सगळ्या रिपोर्टचा गाभा आहेत.

ही लाट बहुधा ५ ते २० मायक्रोव्होल्टची, म्हणजे मेंदूच्या नेहमीच्या विद्युत गोंगाटात पार बुडालेली. म्हणून एकच अदलाबदल पाहून काही दिसत नाही. ६४ वेळा नोंद घेऊन सरासरी काढली की गोंगाट आठव्या हिश्श्यावर येतो (६४ चं वर्गमूळ ८) आणि लाट वर दिसू लागते. आता वेळेचा हिशेब करा. सेकंदाला दोन, म्हणजे ६४ नोंदींना ३२ सेकंद. प्रत्येक नोंद दोनदा घ्यायची, दोन आकारांच्या चौकटींसाठी, दोन डोळ्यांसाठी. आठ फेऱ्या, जेमतेम साडेचार मिनिटं. मुलाचं लक्ष लागतं ते एवढंच. बाकीचा अर्धा-पाऊण तास कप चिकटवण्यात, समजूत काढण्यात आणि बिघडलेली फेरी पुन्हा घेण्यात जातो. पाच मिनिटांत मूल बाहेर आलं तर यातलं बरंच काही गाळलेलं आहे, हे समजून घ्यावं.

दृष्टीच्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे 'इस्केव्ह'चा मापदंड या सगळ्याला लागू आहे. २०१६ च्या आवृत्तीत चौकटींचे दोन आकार सांगितले आहेत: मोठी १ अंशाची आणि बारीक पाव अंशाची, म्हणजे ६० आणि १५ मिनिटांची (ही मिनिटं वेळेची नव्हेत, कोनाची; एका अंशाची ६०). लेझी आयच्या दृष्टीने बारीक चौकट हाच खरा माल. मोठी चौकट तर जेमतेम दिसणाऱ्या डोळ्यालाही दिसते. मंद, म्हणजे आळशी डोळ्याची उणीव बारीक तपशिलात आणि नजरेच्या अगदी मधल्या भागात असते, ती १५ मिनिटांच्या चौकटीवर उघडी पडते. तरीही बऱ्याच लॅबमध्ये मशीन एकाच मोठ्या आकारावर लावून ठेवलेलं असतं, कारण तिथे येणारे बहुतेक रुग्ण नसेला सूज आलेले प्रौढ. त्यांच्यासाठी मोठी चौकट पुरते. १९७२ साली लंडनच्या हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी नसेच्या दाहात ही लाट उशिरा येते हे दाखवलं, तेव्हापासून न्यूरोलॉजीत व्हीईपी त्याच कामासाठी रुळली. लेझी आयचा प्रश्न वेगळा, आणि सेटिंग बदललं नाही तर उत्तर चुकीच्या प्रश्नाचं मिळतं.

यावर एक साधा उपाय आहे, मोजपट्टी घेऊन स्क्रीनपाशी जायचं. मूल स्क्रीनपासून १ मीटरवर बसणार असेल तर १ अंशाची चौकट स्क्रीनवर १७.५ मिलिमीटर रुंद असायला हवी आणि बारीक चौकट ४.४ मिलिमीटर. मोजायचं कडेने, तिरकं नाही. पूर्ण चौकटींचा पट कमीत कमी १५ अंशांचा, म्हणजे १ मीटरवर २६ सेंटीमीटरच्या पुढे. खुर्ची पुढे सरकवली की हे सगळे आकडे बिघडतात. ७० सेंटीमीटरवर तीच ४.४ मिलिमीटरची चौकट पाव अंशाची राहत नाही, २२ मिनिटांच्या आसपास जाते, आणि मंद डोळा उगाच बरा दिसतो. मांडीवर बसलेलं मूल स्क्रीनकडे झुकतं तेव्हा नेमकं हेच होतं. जमिनीवर चिकटपट्टीने खुर्चीची खूण केलेली असेल तर ती खोली चालवणाऱ्याला हे ठाऊक आहे असं खुशाल समजा.

खोलीत बसल्यावर

तेल. आपल्याकडे या तपासणीचा हा पहिला शत्रू. आजीने सकाळी प्रेमाने चोपडलेलं खोबरेल कपाखाली गेलं की त्वचेचा विद्युत रोध खाली येतच नाही. तो ५ किलो-ओहमच्या आत हवा, आणि सगळ्या कपांचा साधारण सारखा. एक कप २ वर आणि दुसरा १८ वर असेल तर भिंतीतल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट थेट लाटेत शिरतो. मग कोणी तरी तो गुणगुणाट गाळणारा नॉच फिल्टर चालू करतं. रेघ गुळगुळीत दिसते खरी, पण लाटेचा आकारही बदलतो. आदल्या दिवशी शांपूने केस धुवावेत, तेल-जेल काही लावू नये. मुलींची पोनी मागे उंच बांधू नये, कारण कप नेमका तिथेच बसतो.

कपाची जागा अंदाजाने ठरवायची नसते. नाकाच्या मुळाशी जो खोलगट भाग आहे तिथून डोक्यावरून मागे, मानेच्या वर हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप लावतात. समजा ते अंतर ३३ सेंटीमीटर भरलं. त्याचे १० टक्के, म्हणजे ३.३ सेंटीमीटर, त्या उंचवट्यापासून वर मध्यरेषेवर मुख्य कप. त्याला ओ-झेड म्हणतात. नाकाच्या मुळापासून ३० टक्के मागे, साधारण १० सेंटीमीटरवर, तुलनेचा कप, एफ-झेड. तिसरा अर्थिंगचा, टाळूवर किंवा कानाच्या पाळीवर. चांगला तंत्रज्ञ केस कंगव्याच्या टोकाने दुभागतो, खरखरीत जेल घेऊन कापसाच्या काडीने ती वाटाण्याएवढी जागा दोन-तीनदा घासतो, पेस्ट भरलेला कप दाबून बसवतो आणि वरून चिकटपट्टीचा तुकडा लावतो. मूल कुरकुर करतं, पण दुखत नाही आणि कसलाही करंट आत जात नाही. या वायरी फक्त ऐकतात. हे मुलाला आधी घरी सांगितलेलं असलं की निम्मं काम होतं. टेप न काढता थेट कप चिकटवला गेला, तर दोन डोळ्यांतली तुलना तरी शाबूत राहते, कारण दोन्ही डोळ्यांसाठी कप तोच. पण सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टशी तुलना गेली.

मुलाला चष्मा असेल तर तो चढवूनच नोंद व्हायला हवी. बहुतेक घोळ इथेच होतात. डाव्या डोळ्याला प्लस ४ चा नंबर आहे आणि चष्मा आईच्या पर्समध्ये राहिला, तर बारीक चौकटीवर डाव्या डोळ्याची लाट कोसळणारच. रिपोर्टवर 'डाव्या बाजूला विकृती' असं येतं. नुसत्या धूसरपणाने पडलेली लाट आणि मंददृष्टीने, म्हणजे लेझी आयने पडलेली लाट कागदावर जवळजवळ सारखीच दिसते, त्यावरून कोणीही दोन्हींत फरक करू शकत नाही. म्हणून नंबर नुकताच, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून काढलेला हवा. मात्र ते थेंब आणि व्हीईपी एकाच दिवशी नकोत. बाहुली मोठी आणि जवळचं फोकस बंद असताना १ मीटरवरची चौकट चांगल्या डोळ्यालाही धूसर होते.

यातलाच एक छुपा प्रकार अट्रोपीनचा. लेझी आयच्या उपचारात चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकतात; त्याऐवजी त्यात नजर धूसर करणारे अट्रोपीनचे थेंब देऊन उपचार चालू असतील, तर त्याचा परिणाम एक ते दोन आठवडे टिकतो. अशा मुलाची व्हीईपी केली की चांगला डोळा वाईट आणि मंद डोळा त्याच्या बरोबरीला आलेला दिसतो, आणि घरात पेढे वाटले जातात. थेंब आधी बंद करायचे की नाही हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावं. बंद करता येत नसतील तर १ मीटरच्या अंतरासाठी पूर्ण नंबरावर प्लस १ ची काच चढवून नोंद घेता येते. अशा काचा बसवायचा चाचणीचा चष्मा, म्हणजे ट्रायल फ्रेम, न्यूरोलॉजीच्या लॅबमध्ये सहसा नसतो, नेत्ररुग्णालयात हमखास असतो. दुसऱ्या प्रकारच्या खोलीला आम्ही झुकतं माप देतो त्यातलं हे एक कारण.

एक डोळा झाकायचा तर चिकटपट्टीवाली पट्टी हवी, आईचा तळहात चालत नाही. बोटांच्या फटीतून मुलं मजेत बघतात, आणि ज्याचा उजवा डोळा चांगला आहे ते मूल डावा तपासताना फट शोधणारच. अपवाद एकच. जन्मल्यापासून पहिल्या काही महिन्यांत तिरळे झालेल्या बऱ्याच मुलांचे डोळे, एक झाकला की, थरथरू लागतात. दोन्ही उघडे असताना हे जाणवत नाही. पट्टी लावल्या क्षणी नजर हलायला लागते, चौकटी पुसट होतात आणि लाट पडते, तेही दोन्ही डोळ्यांत. अशा मुलाला पूर्ण झाकणारी पट्टी लावण्याऐवजी त्या डोळ्यापुढे जाड प्लसची काच किंवा दुधी फिल्टर लावतात, म्हणजे उजेड जातो पण चित्र जात नाही, आणि थरथर कमी राहते. तरीही जमलं नाही तर अदलाबदलीच्या चौकटी सोडून 'ऑनसेट' पद्धत वापरतात: राखाडी स्क्रीनवर २०० मिलिसेकंद चौकटी उमटतात, ४०० मिलिसेकंद नाहीशा होतात. थरथरणाऱ्या डोळ्यांत ही पद्धत जास्त टिकून उत्तर देते. हे मशीनमध्ये आहे का, असं विचारल्यावर समोरचा माणूस गोंधळला तर अशा मुलाला घेऊन तिथे थांबू नये.

खोलीत दोन माणसं लागतात. एक मशीनवर, दुसरा स्क्रीनच्या बाजूला उभा राहून फक्त मुलाच्या डोळ्यांकडे बघणारा. मूल इकडेतिकडे बघू लागलं की तो 'थांब' म्हणतो, पहिला नोंद थांबवतो, मूल परत बघू लागलं की पुन्हा चालू. काही मशीनवर चौकटींच्या मधोमध छोटं कार्टून दाखवता येतं, नाहीतर स्क्रीनच्या मध्यावर किल्ल्यांचा जुडगा हलवला तरी भागतं. एकच तंत्रज्ञ स्क्रीनवरच्या रेघेत डोकं घालून बसला असेल तर मुलाने स्क्रीन पाहिली की छताचा पंखा, हे कोणालाच कळत नाही. पंखा पाहिलेल्या ६४ नोंदींची सरासरी सपाट येते, आणि सपाट रेघेला रिपोर्टमध्ये मोठं गंभीर नाव मिळतं.

पेंगुळलेलं मूलही चालत नाही. मूल सैलावलं आणि डोळे मिटू लागले की मेंदूच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा डुलणारी अल्फा लय येते, आणि ती पी-१०० सारखीच दिसू शकते. तान्ह्या बाळाला पाजून, जागं आणि खुशीत असताना आणावं. मोठ्याला दुपारच्या झोपेच्या वेळी आणू नये. झोपेचं औषध देऊन चौकटींची व्हीईपी होत नाही, होते ती फक्त फ्लॅशची.

गॉगल, फ्लॅश आणि 'नॉर्मल' रिपोर्ट

फ्लॅश व्हीईपी म्हणजे चौकटींऐवजी नुसता उजेडाचा झटका. डोळे मिटलेले असले तरी उत्तर येतं. मोतीबिंदूमुळे पडदा दिसत नसेल, बाळाला अजिबात दिसतं का हाच प्रश्न असेल, अपघातानंतर नस शाबूत आहे का पाहायचं असेल, तर हिचा उपयोग आहे. लेझी आयला उजेड उत्तम दिसतो. त्यामुळे फ्लॅशवर दोन्ही डोळे बहुधा सारखेच येतात, रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलं जातं आणि घरचे पट्टी बंद करतात. तीन वर्षांच्या मुलाची सहा महिन्यांची पट्टी अशी बंद पडली तर नुकसान खरं असतं. फ्लॅश नॉर्मल याचा अर्थ उजेड मेंदूच्या मागच्या भागापर्यंत पोचतो, एवढाच. मूल ६/६ वाचेल की ६/६० वाचेल, याबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

समजा कागदावर असं आहे. उजवा डोळा: मोठ्या चौकटीवर १०३ मिलिसेकंद आणि १९ मायक्रोव्होल्ट, बारीकवर १०९ आणि १६. डावा: मोठ्यावर १०६ आणि १५, बारीकवर १२३ आणि ५. मोठ्या चौकटीवर दोन्ही डोळे शेजारी-शेजारी, बारीकवर डाव्याची उंची तिसऱ्या हिश्श्यावर आणि वर थोडा उशीर. चष्मा चढवून, नजर धरून हे आलं असेल तर हे लेझी आयचं नेहमीचं चित्र. याउलट मोठ्या चौकटीवरच १३५ आणि बारीकवर १४५ आले, तर नुसत्या मंददृष्टीवर समाधान मानू नये. एवढा उशीर नसेकडे बोट दाखवतो. बाहुलीची प्रतिक्रिया, नसेचा रंग आणि गरज पडल्यास एमआरआय पाहिल्याशिवाय पट्टीचे तास वाढवत बसू नये.

उंचीचे आकडे मुलामुलांत प्रचंड बदलतात. कोणाची लाट ८ मायक्रोव्होल्टची, कोणाची ३०, आणि दोघंही ठणठणीत. म्हणून 'उंची कमी' या एकट्या शब्दाला अर्थ नाही. एकाच मुलाच्या दोन डोळ्यांतला फरक पाहायचा, आणि तोही दुपटीच्या आसपास किंवा पुढे असेल तर मनावर घ्यायचा. वेळेच्या बाबतीत प्रत्येक लॅबने वयानुसार आपले आकडे काढलेले असावे लागतात. तान्ह्या बाळात ही लाट २०० च्याही पुढे येते आणि पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने खाली उतरते. बारीक चौकटीवरचा उशीर त्यानंतरही बराच काळ रेंगाळतो. पाच महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवर प्रौढांची मर्यादा छापलेली असेल तर तो रिपोर्ट कितीही रंगीत असला तरी बाजूला ठेवावा.

आणखी एक जागा नीट बघावी. प्रत्येक आकाराच्या दोन फेऱ्यांच्या रेघा एकमेकींवर छापलेल्या असतात. त्या एकमेकींवर बसायला हव्यात. एक उत्तरेला, एक दक्षिणेला जात असेल तर खालच्या आकड्यांना काही मोल नाही. रेघा न देता नुसता आकड्यांचा तक्ता देणारी लॅब घेऊच नये.

नवीन एलसीडी स्क्रीनची एक खोड आहे, ती मशीन विकणारे सांगत नाहीत. काळ्याचं पांढरं होण्याचा वेग आणि पांढऱ्याचं काळं होण्याचा वेग सारखा नसतो, त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीला क्षणभर सगळ्या स्क्रीनचा उजेड उडी मारतो. मग चौकटीच्या नावाखाली थोडी फ्लॅशच मोजली जाते. तपासायला सोपं आहे. स्क्रीनपुढे दुधी प्लास्टिक धरून चौकटी पार पुसून टाका आणि नोंद घ्या. रेघ सपाट आली तर स्क्रीन चोख. लाट उमटली तर ती चौकटींमुळे आलेली नाही.

मशीनची नावं

न्यूरोलॉजीच्या लॅबमध्ये भारतीय बनावटीची आरएमएसची मशीनं सर्रास दिसतात. नेत्ररुग्णालयांत जर्मनीची रोलँड कन्सल्ट, फ्रान्सची मेट्रोव्हिजन, डायग्नोसिसची एस्पिऑन. हातात धरायचं रेटइव्हॅल अमेरिकेच्या एलकेसी कंपनीचं. त्याचा जीव ईआरजीत, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या विद्युत तपासणीत आहे, व्हीईपी करतं ती फ्लॅशची. चौकटी, चष्मा, अंतर आणि नजर सांभाळली तर साध्या मशीनवर लेझी आयचं काम भागतं, आणि न सांभाळल्यास महागड्यावरही बिघडतं. महाग मशीनचा खरा फायदा दिसतो तो एकापेक्षा जास्त कप एकाच वेळी वाचता येतात तेव्हा. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन कप मागे लावले की डाव्या-उजव्या मेंदूचा वाटा वेगळा दिसतो. डोळे थरथरणारं, उजेड सहन न होणारं, गोरं-भुरं मूल 'दोन्ही डोळे आळशी' म्हणून पट्टी लावत फिरत असेल, तर या तीन कपांवर कधी कधी वेगळंच निघतं. रंगद्रव्याच्या जन्मजात अभावात, म्हणजे अल्बिनिझममध्ये, डोळ्यांच्या नसा प्रमाणाबाहेर विरुद्ध बाजूला जातात आणि एक डोळा झाकल्यावर डावी-उजवी लाट असमान येते. एका कपाच्या तपासणीत हे दिसूच शकत नाही.

स्वीप व्हीईपी: बोलता न येणाऱ्यांसाठी

वर सांगितलेली व्हीईपी 'फरक आहे का' एवढं सांगते. 'किती दिसतं' याच्या जवळ जाते ती स्वीप व्हीईपी. यात रेघांचा पट जाड रेघांपासून अतिबारीक रेघांपर्यंत साधारण दहा सेकंदांत सरकत जातो, आणि ठरावीक वेगाने अदलाबदलही होत राहते. रेघा दिसतात तोवर मेंदू त्या लयीत उत्तर देतो, दिसेनाशा झाल्या की उत्तर शून्यावर येतं. ती उतरण शून्यापर्यंत वाढवून जो बिंदू मिळतो तो नजरेचा अंदाज. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्मिथ-केटलवेल संस्थेत टायलर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही युक्ती मांडली. नॉर्सिया आणि टायलर यांनी १९८५ मध्ये १९७ बाळांवर ती वापरून दाखवलं की पहिल्या महिन्यात अंशाला ४.५ रेघजोड्या (एक काळी, एक पांढरी मिळून एक जोडी) इतकी असलेली नजर ८ ते १३ महिन्यांत २० च्या आसपास जाते. अंशाला ३० रेघजोड्या म्हणजे ६/६.

लेझी आयमध्ये मात्र इथे सावध राहावं लागतं. मंद डोळ्याला, विशेषतः तिरळेपणातून आलेल्या, रेघा बऱ्यापैकी दिसतात, पण शेजारी-शेजारी छापलेली अक्षरं एकमेकांत मिसळतात. स्वीपवर १५ आले म्हणजे ६/१२ झाले असं गणित मांडलं, तर वर्षभराने तक्त्यावर मूल ६/३६ च्या ओळीतच अडखळलेलं सापडू शकतं. शिवाय या पद्धतीचा कल असा की चांगली नजर ती कमी सांगते आणि वाईट नजर जास्त. २०२१ मध्ये इस्केव्हने व्हीईपीवरून नजर मोजण्याची पद्धत स्वतंत्रपणे लिहून काढली. स्वीप करणाऱ्या युनिटला ती माहीत आहे का, हा प्रश्न रास्त आहे. अजून बोलता न येणारं मूल, सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल, एक डोळा झाकला की रडून गोंधळ घालणारं पण नजर तपासायच्या चित्र-रेघांच्या कार्डांवरही नीट उत्तर न देणारं मूल, यांच्यासाठी ही तपासणी मिळाली तर घ्यावी. दर काही महिन्यांनी दोन डोळ्यांतली दरी कमी होते का, हे ती चांगलं दाखवते.

कधी करू नये

नंबर नुकताच निघाला, चष्मा कालच आला, आणि हातात व्हीईपीची चिठ्ठी, अशा वेळी थांबावं. अमेरिकेतल्या पेडिग या मुलांच्या नेत्ररोगांवर संशोधन करणाऱ्या गटाने २००६ मध्ये दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असलेल्या, ३ ते ७ वर्षांखालच्या ८४ मुलांना फक्त चष्मा देऊन पाहिलं. ७७ टक्के मुलांची नजर तक्त्यावर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली आणि २७ टक्क्यांचा आळशीपणा पट्टीशिवायच गेला. चष्मा तीन-चार महिने डोळ्यांवर बसू द्यावा, मग तक्त्यावर बघावं. पट्टी चालू आहे आणि ओळी वाढताहेत, तर व्हीईपी काहीच भर घालत नाही. नजर सुधारल्यावर 'मेंदूही सुधारला का' हे बघायला केली जाते, तीही निव्वळ हौस.

करावी ती अशा वेळी: पट्टीचे तास खरोखर पाळूनही महिनोन्महिने एक ओळही हलली नाही, मंददृष्टीचं कारण सापडत नाही, म्हणजे तिरळेपणा नाही, नंबरात फरक नाही, तरी एक डोळा कमी, किंवा मूल आठ-नऊ वर्षांचं, रोज वेगळी ओळ वाचतं आणि 'दिसत नाही' यात किती खरं हे कळत नाही. या शेवटच्या प्रकारात बारीक चौकटीवर दोन्ही डोळ्यांत छान लाट आली तर बरंच कळतं. सपाट आली तर फारसं कळत नाही, कारण ठरवून नजर धूसर करणं हुशार मुलाला जमतं. तिथेही ऑनसेट पद्धत जास्त भरवशाची. या सगळ्यात व्हीईपीसोबत ईआरजीही सांगितली गेली तर कुरकुर करू नये. पडद्याचा आजार व्हीईपीवर लेझी आयसारखाच दिसतो, आणि तो वगळायला ईआरजीची मदत होते.

निघताना मूळ रेघांची प्रत, चौकटींचे आकार, अंतर, चष्मा होता की नव्हता आणि मूल किती सहकार्य करत होतं याची नोंद मागून घ्यावी. पुढची तपासणी त्याच खोलीत, त्याच अंतरावर, त्याच आकारांवर करावी. दुसऱ्या गावच्या मशीनचा आकडा पहिल्याशेजारी ठेवून सुधारणा मोजता येत नाही. मधल्या काळात नंबर बदलला असेल तर आधी नवा चष्मा, काही आठवडे वापर, आणि मगच कप.